उरलेले सहा

परवा साताऱ्यात एका कार्यालयात, जेवणाच्या हॉलबाहेर, मुलाकडचे एक काका माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन टेकले. सुपारी कातरता कातरता म्हणाले, "बाकी तुमचं काम झकास हां ताई. रोज नवं लग्न, रोज नवी जिलेबी, आणि आता तर सगळं मशीनच करतं. तुम्ही नुसतं बटण दाबायचं!" मी हसले. पहाटे साडेपाचला घर सोडलेलं, दोन्ही खांद्यांवर एकेक कॅमेरा, आणि जिलेबीचं म्हणाल तर मी हात धुऊन पंगतीला जाईपर्यंत ती नेहमीच संपलेली असते. उरतो तो मठ्ठा. पण वाद घालावासा वाटला नाही, कारण त्यांचं पहिलं वाक्य खरं होतं. काम झकासच आहे. फक्त काकांना वाटत होतं त्यापेक्षा जरा वेगळ्या कारणांनी.

तेव्हा म्हटलं, आज त्याबद्दलच लिहू.

नात्यातल्यांना माहीत आहेच, इतरांसाठी सांगते. आमच्याकडे हा धंदा दुसऱ्या पिढीचा. बाबांचा साताऱ्यात एक छोटा स्टुडिओ. मागे रंगवलेला पडदा, त्यावर तळं, दोन हंस आणि जगातल्या कुठल्याच जंगलात न सापडणारं एक झाड. कोपऱ्यात एक काळा टेलिफोन, ज्याला वायरच नव्हती, पण तो कानाला लावून निम्म्या गावाने फोटो काढून घेतले असतील. पासपोर्ट फोटोंवर भाडं निघायचं आणि लग्नांवर घर चालायचं. 1994 साली दहावीची परीक्षा दिली आणि त्या सुट्टीत मी बाबांबरोबर पहिल्यांदा लग्नाला गेले, फ्लॅश धरायला. "सरळ धर", "वर धर", "भिंतीकडे नको, माझ्याकडे बघ" एवढ्या तीन वाक्यांत माझं पहिलं वर्ष गेलं.

बाबांकडे निकॉनचा एफएम टू होता. त्याचा सेल संपला तर उजेड मोजायचे दिवे तेवढे बंद पडत, बाकी कॅमेरा चालूच. बाबांना तो फार आवडायचा. म्हणायचे, माणसासारखा माणूस आहे, डोळे गेले तरी काम सोडत नाही. लग्नाला बहुतेक तीन रोल ठरलेले असत. छत्तिसाचे तीन, म्हणजे 108. जपमाळेचे मणीच! आणि बाबा ते खरोखर मण्यांसारखेच ओढायचे, एकेक, हिशेबाने. हळदीला इतके, देवकाला इतके, आहेराला इतके. रुखवताला एक. मुलीच्या मावशीने कितीही आग्रह केला तरी एकच. "तुमची केळीच्या सालीची बैलगाडी आली त्यात, ताई," असं सांगून मोकळे.

ह्या हिशेबात एक नियम मात्र काही केल्या मोडायचा नाही. मंगलाष्टका सुरू व्हायच्या आत कॅमेऱ्यात कोरा रोल पाहिजे. जुन्यात सहा शिल्लक असोत नाहीतर दहा, तो काढायचाच.

कारण अंतरपाट एकदाच दूर होतो. आणि तो नेमका कधी दूर होणार हे भटजींनाही सांगता येत नाही. शेवटची मंगलाष्टक म्हणतोय असं वाटावं तर मुलीची एखादी आत्या कागद उघडून पुढे येते आणि स्वतः रचलेली सात कडवी सुरू करते. अशा वेळी तुमच्या कॅमेऱ्यात चार फोटो उरलेले असले तर तुम्ही संपलात. रोल गुंडाळायचा, पाठ उघडायची, नवा अडकवायचा, दोनदा पुढे ओढायचा. घामेजल्या हातांनी ह्याला पाऊण-एक मिनिट लागतं, आणि तेवढ्यात अक्षता पडून, हार घालून, वाजंत्री वाजून नवरा-नवरी खुर्चीवर बसलेली असतात. आमच्या भागातल्या एका फोटोग्राफरचं असं झालं होतं. त्याने भाबडेपणाने विनंती केली, अंतरपाट परत एकदा धरता का, आणि मंडळींनी परत थोड्या अक्षता टाकाव्या. नवरीचे आजोबा काठी घेऊन उठले. "एका पोरीचं दोनदा लगीन लावतो व्हय रं?" हा किस्सा बाबांनी मला इतक्या वेळा सांगितलाय की त्या आजोबांची काठी मला दिसते.

तर ते जुन्या रोलमधले उरलेले सहा. बाबा मुलखाचे काटकसरी, फिल्म वाया घालवणं त्यांना पाप वाटायचं. म्हणून मुहूर्ताला दहा मिनिटं असताना ते एक चक्कर मारायचे आणि ते सहा संपवून यायचे. ह्या सहा फोटोंना कोणी सांगितलेलं नसायचं, कोणी त्यांचे पैसे देणार नसायचं. त्यामुळे त्यात काहीही यायचं. भट्टीपुढे बसून बुंदी पाडणारा आचारी. क्लॅरिनेटची तोंडची बाजू सदऱ्याला पुसणारा बँडवाला. चपलांच्या ढिगावर झोपलेलं पोर. भावकीवर रुसून सगळ्यांकडे पाठ करून बसलेले आणि तरी एक कान मांडवाकडे लावलेले आजोबा. बाबा त्यांच्या प्रिंट काढायचे, अल्बमच्या शेवटच्या पानात एका खाकी पाकिटात घालायचे आणि पाकिटावर लिहायचे, "वरचे".

कोणी बघायचं नाही ते. अल्बम घरी गेला की आधी नवरीचे दागिने, मग आहेरात कोण आलं आणि कोण आलं नाही. आहेराचे फोटो हा एक स्वतंत्र विषय आहे. एकाच सोफ्याच्या मागे दीडशे माणसं येऊन उभी राहतात, सगळे सारखेच ताठ, सगळ्यांच्या हातात तेच पाकीट. कलेच्या दृष्टीने शून्य! पण तो फोटो म्हणजे हजेरीपट आहे. एखाद्या चुलत्याचा तो राहिला तर पुढची दहा वर्षं त्या घरात "आमचा फोटोसुद्धा काढला नाही" हे वाक्य दर दिवाळीला ऐकू येतं. मी ते दीडशे फोटो अजूनही मन लावून काढते. फक्त त्यातून आनंद मिळतो असं म्हणणार नाही.

मजा पुढेच आहे. आठ-दहा वर्षं गेली की माणसं परत स्टुडिओत यायची. हातात अल्बम, आणि बहुतेक वेळा अल्बममधलं ते खाकी पाकीट. "ह्यातला हा म्हातारा मोठा करून द्या." रुसून बसलेले ते आजोबा. गेलेले. आणि घरात त्यांचा दुसरा फोटोच नाही, कारण फोटो काढला की आयुष्य कमी होतं म्हणून त्यांनी जन्मभर काढू दिला नव्हता.

तुमच्या घरातल्या, आजोळच्या, गावाकडच्या भिंतीवरचे हार घातलेले फोटो एकदा नीट बघा. आजोबांनी फेटा कशासाठी बांधलाय? काकांच्या खांद्याच्या कडेला जो जांभळा काठ दिसतो तो कोणाच्या शालूचा आहे? बघा, निम्म्याहून जास्त माणसं कुठल्या ना कुठल्या लग्नात उभी असलेली सापडतील. मोबाइल येण्याआधी सामान्य माणसाच्या अंगावर कॅमेरा रोखला जायचा तोच मुळी लग्नात. म्हणजे लग्नाचा फोटोग्राफर हा एकाच दिवशी दोन कामं करतो, एक सांगितलेलं आणि एक न सांगितलेलं. हे बाबा कधी बोलून दाखवत नसत. पण पुढे फिल्मची चणचण नसतानासुद्धा ते मुद्दाम सहा राखून ठेवायला लागले, हे माझ्या लक्षात आलं होतं.

ह्याचा सगळ्यात कठीण काळ मी 2021 च्या एप्रिल-मेमधे पाहिला. लग्नाला 25 माणसं आणि दोन तास, असा नियम होता. मी एक लग्न केलं त्यात भटजी आणि मी धरून 25 मोजले होते, नवरीच्या एका मामाला फाटकाबाहेर मोटारसायकलवर बसून मंगलाष्टका ऐकाव्या लागल्या. स्टुडिओचं शटर खाली. आणि रोज व्हॉट्सॅपवर अल्बममधल्या फोटोंचे फोटो येत होते. कोणीतरी लालेलाल गोल करून पाठवलेलं असायचं, "ताई हे माझे वडील, मोठा होईल का". त्या दोन महिन्यांत मी नवीन फोटो जेमतेम एका लग्नाचे काढले आणि जुन्या लग्नांतून माणसं कापून काढण्याचं काम रात्र रात्र केलं. शेजारच्याचा हात खांद्यावर असला तर तो हात पुसावा लागतो. तो पुसताना फार विचित्र वाटतं. एका मुलीने सांगितलं, हात राहू दे, तो आईचा आहे. ठेवला.

असो. जड झालं जरा. कामाबद्दल बोलू.

काकांच्या "मशीनच करतं" ह्या म्हणण्याला उत्तर द्यायचं तर मांडवाच्या कापडापासून सुरुवात करावी लागेल. आपला मांडव लाल, हिरवा, केशरी, गुलाबी. ऊन त्यातून गाळून खाली येतं आणि माणसांच्या चेहऱ्यावर तो रंग सांडतो. डोळ्यांना कळत नाही, कारण मेंदू परस्पर दुरुस्ती करून टाकतो. कॅमेरा करत नाही. नवरीचा अर्धा गाल हिरवा, व्याही गुलाबी. त्यात हळद! कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय हे कोणीतरी दाखवावं लागतं, आणि त्यासाठी बाहेर राखाडी रंगाचे कार्ड विकत मिळतात. मी मात्र वर्षानुवर्षं गांधी टोपी वापरते. सातारा जिल्ह्यातलं लग्न आणि त्यात टोपी नाही असं अजून तरी होत नाही. पहिल्या रांगेतला टोपीवाला शोधायचा, संगणकावर टोपीवर खूण करायची, की सगळं वऱ्हाड आपल्या मूळ रंगावर येतं. एकच अडचण. टोपीला नीळ जास्त झालेली असली तर कॅमेरा त्या निळसर टोपीलाच पांढरं समजतो, आणि ती निळाई काढायच्या नादात सगळी माणसं काविळीची दिसायला लागतात. त्यामुळे टोपीही पारखून घ्यावी लागते.

मग अक्षता. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर लावून अक्षतांचा फोटो काढलात तर जवळचे चार तांदूळ टिकल्यांएवढे पांढरेफटक येतात आणि मागे अंधारात कोणाचं तरी लग्न चालू आहे असं दिसतं. फ्लॅशच्या उजेडाचा हिशेब क्रूर असतो, अंतर दुप्पट झालं की उजेड पावपट. म्हणून फ्लॅश बाजूला, लांब, मदतनिसाच्या हातात. (हो, आता माझ्याकडेही "सरळ धर" म्हणायला एक मुलगा आहे.) शिवाय हल्लीचे कॅमेरे आपणहून नेम धरतात, तो कधी कधी नवरीच्या डोळ्यांऐवजी उडत्या तांदळावर धरतात. म्हणून नेम आधीच धरून ठेवायचा आणि मग हलायचं नाही. मी अंतरपाटाच्या टोकाशी उभी राहते, जिथून दोघं दिसतात. त्यांना एकमेकं दिसत नसतात. मला दोघंही दिसतात. माझ्या कामातली ही सगळ्यात आवडती जागा. पडद्याच्या एका बाजूला तो मुंडावळ्या सारख्या करतोय, दुसऱ्या बाजूला ती पायाच्या अंगठ्याने पाट खरवडतेय. भरलेल्या कार्यालयात त्या दहा मिनिटांत त्यांना दोघांना एकत्र बघणारी मी आणि एखाददुसरी करवली. पाट दूर झाला की पुढचा एक सेकंद काय तो खरा असतो. मग मित्र नवऱ्याला उचलतात, हार उंचावतो, आरडाओरडा होतो, सगळे हसायचं ठरवून हसतात. त्याआधीच्या त्या एका सेकंदात मी माणसं रडताना, दचकताना, आणि एकदा तर नवऱ्या मुलाला मोठ्ठी जांभई देताना पकडलंय.

प्री-वेडिंगबद्दल माझं मत विचारू नका. विचारलंत? बरं. मेणवलीचा घाट सुंदर आहे, नाना फडणवीसांचा वाडा सुंदर आहे, तिथे मी जाते, काढते, पैसे घेते. मुलगा-मुलगी पायऱ्यांवरून पंधरा वेळा पळतात, मग सोळाव्या वेळी दमून बसतात आणि बाटलीतलं पाणी एकमेकांना देतात. मी फोटो त्या बसण्याचा काढते. पण कासच्या पठारावर फुलांत झोपून फोटो पाहिजे म्हणणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते. 2012 पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि यादीत नसतं तरी ज्या फुलांना वर्षातले मोजके आठवडे मिळतात त्यांच्यावर आपण आडवं व्हायचं हे मला कळत नाही. दोन कामं गेली ह्यापायी. जाऊ देत.

आता रोल नाही. कोडॅकने 2012 च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला ती बातमी मी बाबांना वाचून दाखवली होती, ते फक्त "हं" म्हणाले आणि फडताळातला शेवटचा पिवळा डबा जरा मागे सरकवून ठेवला. आता एका लग्नात माझे तीन हजार फोटो होतात, संपायचा प्रश्नच नाही, म्हणजे उरायचाही नाही. म्हणून मी नियम करून घेतलाय. मुहूर्ताला दहा मिनिटं असली की मी कॅमेरा घेऊन एक चक्कर मारते आणि कोणी न सांगितलेले सहा फोटो काढते. सहाच. सात नाही. सहाच काढायचे म्हटलं की नीट बघावं लागतं.

आणि ह्या चकरेत मला जे दिसलं, त्याबद्दल खरं तर लिहायचं होतं. एवढं नमनाला घडाभर तेल त्यासाठी.

2011 सालचं लग्न. कोरेगावच्या बाजूचं एक गाव. मुलीला वडील नव्हते. लग्न सगळं आई सांभाळत होती. म्हणजे सांभाळत होती हे कोणाला दिसत नव्हतं. बाहेर मांडवात चुलते फेटा बांधून सगळ्यांचं स्वागत करत होते आणि कन्यादानाला चुलता-चुलती बसणार होते. आई कोठीच्या खोलीत. कमरेला किल्ल्या, समोर नारळांची रास, ब्लाउजपीस मोजून मोजून बाहेर देत होती. सकाळपासून मी तीनशे फोटो काढले होते आणि त्यात ती एकाही फोटोत नव्हती. मुलीच्या आईचं वय, मुलीच्या आईचा चेहरा, तेच नाक. आणि फोटोत नाही. हळदीला नाही, चुड्याला नाही, ओटी भरताना नाही. कोणी तिला हाकललं नव्हतं हं. ती स्वतःच बरोब्बर वेळेला कुठल्यातरी कामाने उठून जायची. इतकं सफाईने की बघणाऱ्याला वाटावं, हिला कामच फार.

चकरेत मी कोठीच्या दाराशी गेले. मंगलाष्टकांची तयारी चालली होती, कोणीतरी अक्षता वाटत फिरत होतं. तीही उठून दारापर्यंत आली होती. एक खांदा दाराच्या आत, एक बाहेर. वरच्या झरोक्यातून उजेड. मूठ घट्ट मिटलेली, त्यात अक्षता. तिथून टाकल्या असत्या तर शेवटच्या दोन रांगांतल्या खुर्च्यांवर पडल्या असत्या. मी कॅमेरा वर केला. तिने मान हलवली, नको. मी खाली घेतला. हे बाबांनी शिकवलेलं, नाही म्हणणाऱ्याचा फोटो चोरायचा नाही, ते कितीही सुंदर दिसत असो. मी वळले तर मागून आवाज आला, "ताई." पदर नीट केला होता तिने. मूठ छातीशी धरली होती. मी काढला. एकच. मग पळत अंतरपाटाशी.

अल्बमचे फोटो निवडायला चुलते आले. तो फोटो बघून थांबले. म्हणाले, "हा दारातला कशाला? शुभकार्याचा अल्बम आहे." वाईट माणूस नव्हते. भाऊ गेल्यावर त्या पोरीचं शिक्षण त्यांनी केलं होतं, लग्नाला कर्जही त्यांच्याच नावावर होतं, हे मला नंतर कळलं. पैसे देणारा सांगेल ते अल्बममधे, हा धंद्याचा नियम. मी तो बाजूला काढला, आणि शेवटच्या पानातल्या पाकिटात घातला. वरचे.

तीन वर्षांनी ती मुलगी एका बारशाच्या फोटोंसाठी आली, कडेवर पोर. बरोबर सासूबाई. सासूबाईंनीच पिशवीतून अल्बम काढला आणि मला उघडून दाखवला. अक्षतांच्या पानावर, वरच्या बाजूला, आहेराचा कुठला तरी एक फोटो उचकटून त्या जागी तो कोठीच्या दारातला फोटो चिकटवला होता. घरच्या डिंकाने, जरा वाकडा. "मीच लावला," त्या म्हणाल्या. "पाकिटात सापडला. माझ्या लग्नात माझी आई घरीच होती. मांडवातबी आली न्हाई. म्हटलं हिची तर दारापर्यंत आलीया." आणि लगेच, "तेवढा सरळ करून बसवून द्या बघू, मला न्हाई जमलं."

2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला, नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. मग सरकारनेही परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तसं करा म्हणून सांगितलं. वाचून फार बरं वाटलं होतं. पण ठराव चावडीवर होतो आणि बाई उठून जाते ती कोठीकडे. मधे बरंच अंतर आहे. ते मला दर हंगामात, तुळशीच्या लग्नानंतर जेठापर्यंत, कॅमेऱ्यातून दिसतं. पुण्यात, शिकलेल्या घरांतही दिसतं, तिथे फक्त कोठीऐवजी ती पाहुण्यांना गाड्यांपर्यंत सोडायला गेलेली असते.

माझ्या हातात काय आहे? एक गोष्ट आहे, आणि ती मला उशिरा कळली. लग्नात सगळे सगळ्यांशी भांडतात, पण दोन माणसांचं मुकाट्याने ऐकतात. भटजींचं आणि फोटोग्राफरचं. मी "दोन पावलं मागे" म्हटलं की सरपंचसुद्धा मागे जातात. तर हल्ली मी कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणते, "डावीकडची बाजू रिकामी दिसतेय हो. आईंना उभं करा तिथे." रिकामी बाजू म्हटलं की शास्त्र, रूढी, भावकी, कोणी काही बोलत नाही. तांत्रिक बाब पडली! कोणीतरी जाऊन घेऊन येतं. कधी कधी त्या येत नाहीत, मान हलवतात, मग मी परत म्हणत नाही. मी संध्याकाळी सामान आवरून घरी जाणार असते, त्यांना त्याच घरात उद्या सकाळी चहा करायचा असतो.

गेल्या आठवड्यात एका मुलीचा फोन आला. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख, मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. वडील नाहीत. म्हणाली, "कन्यादानाला आई एकटीच बसणार आहे. भटजींशी बोलणं झालंय, ते तयार आहेत. काका थोडे नाराज आहेत, पण येतील. तुम्हाला काही वेगळी तयारी लागेल का?" मी म्हटलं, कार्यालय बघून येऊ. काल जाऊन आलो, मी, ती आणि तिची आई. विवाहवेदीच्या उजवीकडे एक जाडजूड खांब आहे, तिथून आईचा चेहरा अडतो, म्हणून पाट हातभर डावीकडे घ्यायला सांगितला. ते सिंहासनासारखे सोफेही तेवढा वेळ हलवायला लावले. व्यवस्थापक कुरकुरला, मग "फोटोचं आहे" म्हटल्यावर गप्प झाला. वरून चांगला उजेड येतो दुपारी, फ्लॅश कदाचित लागणारही नाही.

आई सगळा वेळ मागे मागे, पदराचं टोक हातात. निघताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "ताई, लुगडं कुठल्या रंगाचं नेसू? फोटोत काय चालतंय?"

मी म्हटलं, "काहीही नेसा काकू. फक्त पांढरं आणि फिकं नको. उजेडात फुटतं."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग जांभळं काढते. कपाटात आहे एक, घडी न मोडलेलं."